वाशाचा वंश

खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याला आपण कृतघ्न म्हणतो. घरात खांब आहेत, दारं आहेत. म्हणीने वासेच का धरले? ‘वासा’ आला संस्कृत ‘वंश’वरून. वंश म्हणजे बांबू, छपराचा वासा, पाठीचा कणा (म्हणून पृष्ठवंश), आणि घराणंही. छप्पर, शरीर आणि पूर्वज एकाच शब्दात नांदतात.

हे कुळ डोळ्यांनी पाहायचं तर जामनेरहून पहूर, तिथून फर्दापूर गाठावं. पहूरला भेटणारी वाघूर नदी अजिंठ्याच्या लेण्यांखालूनच येते. तिथलं १० क्रमांकाचं चैत्यगृह इसवी सनापूर्वीचं, ३९ खांबांचं. डोंगराच्या पोटातल्या छताला कसला आधार हवा? तरीही कारागिरांनी त्या कमानदार छताला लाकडी वासे बसवले होते. लाकूड गेलं, खुणा राहिल्या. कार्ल्याच्या चैत्यात मात्र मूळचे सागवानी वासे अजून आहेत. मान वर करून बघाच. अजिंठ्याच्या याच १० क्रमांकाच्या लेण्याच्या दर्शनी कमानीवर ब्राह्मीत एक दान कोरलंय: वासिठीपुत कटहादीने दिलेलं ‘घरमुख’. घराचं तोंड! पुढे पाचव्या शतकात, १९ आणि २६ क्रमांकांच्या लेण्यांत, वासे थेट दगडातच कोरले. लाकूड सुटलं, फासळ्या सुटल्या नाहीत.

ही लाकडी बांधकामाची नक्कल, असं अभ्यासक सांगतात. खरंच आहे ते, पण मला अपुरं वाटतं, न्यूझीलंडच्या माओरींमुळे. त्यांचं कोरीव सभाघर, फारे फाकाइरो, म्हणजे पूर्वजाचा देह. माथ्यावरचा कोरीव मुखवटा हा त्याचा चेहरा, दोन्हीकडे उतरणाऱ्या फळ्या हे पसरलेले हात, आढं हा कणा, वासे या फासळ्या. भिंतीलगतच्या फळ्यांवर आणखी पूर्वज, डोळ्यांत चकाकते शिंपले. या सगळ्यासाठी झाड तोडण्याआधी ताने या वनदेवाची प्रार्थना व्हायची. आढ्याला ते ‘ताहुहू’ म्हणतात, आणि पूर्वजांच्या थेट वंशरेषेलाही ताहुहूच. आपल्या ‘वंशा’चा या शब्दाशी भाषेचं नातं नाही, पण दोन्हीकडे माणसांनी छपराकडे एकाच नजरेने पाहिलं. वासे मोजणं म्हणजे यजमानाच्या फासळ्या मोजणं. म्हण एवढी तिखट का, ते मला इथे उमगलं.

राहारुही रुकुपो या माओरी कारागिराने १८४०च्या दशकात मोठ्या भावाच्या स्मरणार्थ ‘ते हाऊ की तुरांगा’ हे असंच एक सभाघर उभारलं. १८६७ मध्ये सरकारी माणसांनी ते उतरवून वेलिंग्टनला नेलं. त्याच वर्षी रुकुपोने संसदेकडे अर्ज केला: घर परत द्या.