दसरा काढणे : ओल, ऊन आणि अंथरुणाचा इतिहास

१/१६
नवरात्राच्या आधीच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रातल्या नदीकाठी एक दृश्य हमखास दिसे. अनेक गावांत ते आजही दिसते. वाकळा, गोधड्या, चादरी, सतरंज्या, घोंगड्या यांची गाठोडी घेऊन घरेच्या घरे पाण्यावर आलेली. खडकावर आपटून धुणे, दोघांनी दोन टोके धरून पिळणे, आणि मग वाळूवर, झुडपांवर, कातळावर वाळत घातलेल्या अंथरुणांचा रंगीबेरंगी पट. या कामाला नाव आहे ‘दसरा काढणे’. सण दसऱ्याचा, पण घरातून काढायची असते ती चार महिन्यांची ओल.

२/१६
घटस्थापनेपूर्वी घर शुद्ध व्हावे, हे या प्रथेचे धार्मिक कारण. तिच्या मुळाशी मात्र हवामानाचा एक चोख हिशेबही आहे. दमट प्रदेशात अंथरूण ताजे ठेवायचे तर ते किती वेळा धुतले यापेक्षा ते किती लवकर आणि किती पूर्ण वाळले, याला अधिक महत्त्व असते. ही साधी गोष्ट घराघरांत ठाऊक होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा संबंध थेट जीवनमरणाशी आला. त्याचीच ही कथा.

३/१६
आधी कापसाचा स्वभाव. कापसाचा तंतू हवेतले पाणी शोषून घेतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल, तर कोरड्या वजनाच्या साधारण ७ ते ८ टक्के पाणी सुती कापडात मुरलेले असते. आर्द्रता ९५ टक्क्यांकडे गेली की हे प्रमाण जवळपास दुप्पट होते. म्हणजे आषाढातली चादर पाण्याचा थेंब न लागताही ओलसर असते. तिच्यावर रोज रात्री घामाची भर पडते ती निराळीच. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. अशा हवेत दांडीवर टाकलेले कापड दोन-दोन दिवस वाळत नाही.

४/१६
हा उशीरच कुबट वासाचे मूळ. ओलाव्यात बुरशी धरते, जिवाणू वाढतात. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की धुऊनही कपड्यांना येणाऱ्या ओलसर वासामागे ‘मोराक्सेला ऑस्लोएन्सिस’ हा जिवाणू असतो. कापडात उरलेल्या घामाच्या व तेलकटपणाच्या अंशावर तो जगतो आणि वास येणारे आम्ल तयार करतो. वाळलेल्या कापडातही तो तग धरतो. म्हणून कोरडी असताना बरी वाटणारी चादर जरा ओलसर झाली की तोच वास परत येतो.

५/१६
जुन्या घरांनी यावर शोधलेले उपाय तीन काळांत विभागलेले होते : पावसाआधी, पावसात आणि पावसानंतर. वैशाखात गाद्या, उशा, गोधड्या अंगणात पडत. कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून, झटकून त्या आत जात. याच दिवसांत जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून, धावदोरा घालून नव्या वाकळाही शिवल्या जात. पापड, कुरडया, सांडगे यांच्याबरोबर अंथरुणाचीही बेगमी उन्हाळ्यातच व्हायची.

६/१६
गोधडीची रचनाही इथे उपयोगी पडे. पातळ, वापरून मऊ झालेल्या सुती कापडाचे थर टाक्यांनी एकत्र धरलेले असल्यामुळे ती धुता येते आणि उन्हात वाळते. कापूस भरलेल्या गादीचे तसे नाही. तिच्या पोटात शिरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही, म्हणून गादी धूत नसत. ती उन्हात घालायची. कापूस दडपला की पिंजाऱ्याला बोलावून त्याच्या धनुकलीवर पिंजून घ्यायची. मोकळा झालेला कापूस पुन्हा हवा धरी आणि त्यात अडकलेली धूळही झडून जाई.

७/१६
प्रत्यक्ष पावसात हाताशी ऊन नसे. असे ते चुलीचे. कोकणातल्या घरांत ओले कपडे चुलीच्या वरच्या दांडीवर वाळत. सकाळी उठल्याबरोबर अंथरुणाची वळकटी करून ती ओलसर जमिनीपासून उंच ठेवली जाई. घोंगडीचा मोठा आधार असे, कारण लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एकतृतीयांश बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. पेटाऱ्यात कडुनिंबाचा वाळला पाला नाही तर वेखंडाचा तुकडा असे. त्याने कसर दूर राही. संध्याकाळी ऊद किंवा धूप फिरे. मात्र धुराने वास झाकला जाई. ओल जाई ती चुलीच्या उबेनेच.

८/१६
मग भाद्रपद सरतो. मोसमी वारे परतू लागतात, आभाळ मोकळे होते आणि आश्विनातले कडक ऊन पडते. नद्यांना पाणी भरपूर, तेही हळूहळू निवळत चाललेले. वर्षभरात भरपूर पाणी आणि भरपूर ऊन एकाच वेळी मिळण्याचे दिवस हेच. आधी धुवावे तर वाळत नाही. फार उशीर करावा तर ओल घरात मुरते. ‘दसरा काढणे’ नेमके या फटीत बसवलेले आहे. पंचांगाच्या पानावर हवामानाचा अनुभव असा नोंदला गेला.

९/१६
गावात हे काम घरच्या बायका करीत, तसा बलुतेदारांपैकी परीटही करी. त्याची रीत ठरलेली होती. कपडे खाराच्या पाण्यात भिजवायचे, भट्टीवर वाफवायचे, दगडावर आपटायचे, स्वच्छ पाण्यात खंगाळायचे आणि उघड्यावर पसरायचे. क्षाराने तेलकटपणा सुटे, वाफेच्या उष्णतेने जिवाणू आणि बुरशी मरे, उन्हाने कापड वाळे व उजळेही. जंतूंचा सिद्धान्त मांडला जाण्याच्या कितीतरी आधीपासून परिटाच्या भट्टीवर कापडाचे निर्जंतुकीकरण चालू होते.

१०/१६
आणि तरीही दोष परिटाच्याच माथी आला. वसाहतींतल्या युरोपीय लोकांना दमट हवेत जांघेत खाज सुटे, चकंदळे उठत. या विकाराला त्यांनी नाव दिले ‘धोबीज इच’, म्हणजे धोब्याची खाज. कपडे धुणाऱ्याकडूनच रोग येतो, ही समजूत नावातच पक्की झाली. वास्तविक हा विकार बुरशीचा. कोलंबोत काम करणारे इटालियन डॉक्टर अल्डो कास्टेलानी यांनी १९१० मध्ये अशा रुग्णांत सापडणाऱ्या एका बुरशीचे वर्णन प्रसिद्ध केले. घाम, घट्ट कपडे आणि न वाळलेली त्वचा यांवर ती पोसते. खरा अपराधी होता ओलावा. नाव मात्र चिकटले ओलावा काढणाऱ्याला.

११/१६
हेच पुढे फार मोठ्या प्रमाणावर घडले. १८९६ चा पावसाळा सरता सरता, सप्टेंबरमध्ये, मुंबईतल्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रुग्ण ओळखला. रोग नेमका कसा पसरतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. संशय घाणीवर, कोंदट हवेवर, धान्यावर, कपड्यांवर आणि अंथरुणांवर होता. घरांत व गटारांत कार्बोलिक आम्ल फवारले गेले, भिंतींना चुना लागला आणि रुग्णांची अंथरुणे जाळली जाऊ लागली.

१२/१६
फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात डब्ल्यू. सी. रँड यांच्या अधिकाराखाली सैनिक घराघरांत शिरले. सामान रस्त्यावर फेकणे, कपडे-अंथरुणे जाळणे, देवघरापर्यंत जाणे, स्त्रियांची तपासणी करणे यांविषयी तक्रारींचा पाऊस पडला. गरिबाच्या घरी वाकळ ही बाजारातून पुन्हा आणण्याची वस्तू नव्हती; तिच्यात आजीचे लुगडे आणि आईचे महिनाभराचे टाके असत. तीच अंगणात जळताना पाहावी लागली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर हल्ला केला. त्यामागची कारणे अनेक होती. पण घरातल्या वस्तूंची झालेली विटंबना हे त्या संतापातले एक खरे इंधन होते.

१३/१६
अंथरुणावरचा संशय पूर्णपणे निराधार होता, असे म्हणता येणार नाही. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले, की उंदरावरची पिसू प्लेग पसरवते. सुरुवातीला त्यांच्यावर फारसा विश्वास बसला नाही. १९०५ नंतर प्लेग आयोगाने मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगांनी ते सिद्ध झाले. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडतात आणि कपड्यांत, अंथरुणांत दडतात. म्हणजे धोका अंथरुणात होता खरा. पण तो कापडाच्या मळात नसून त्यात लपलेल्या पिसवेत होता.

१४/१६
मग पिसू घालवायची कशी? १९११ मध्ये सरकारच्या वैद्यकीय प्रबंधमालेत कॅप्टन जे. कनिंगहॅम यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषयच होता उन्हाने पिसवांचा नाश. कपडे आणि अंथरूण तापलेल्या जमिनीवर पातळ पसरून ठेवले, तर उष्णतेने पिसवा मरतात. आगीची गरज नाही, कार्बोलिकची नाही, सैनिकाची तर नाहीच. चौदा वर्षांपूर्वी जी अंथरुणे जाळली गेली, त्यांना पुष्कळदा वैशाखातले एक अंगण पुरे झाले असते.

१५/१६
पण अंगण होते कुणाकडे? हा प्रश्न टाळून जुन्या प्रथेचे कौतुक करणे अपुरे ठरेल. मुंबईतल्या गिरणी कामगाराच्या चाळीतल्या खोलीत दिवसाही अंधार असे. एका खोलीत कुटुंब, वर पाहुणे, दारात गटार. तिथे दसरा काढायला ना नदी, ना वाळू, ना ऊन. प्लेगनंतर, १८९८ मध्ये, बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी पुढे ‘साडेत्रेसष्ट अंशांच्या’ नियमाचा आग्रह धरला : समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी, म्हणजे खालच्या खोलीतही उजेड आणि वारा पोचेल. अंगणात सहज मिळणारे ऊन आता शहरात कोनमापकाने मोजून मागावे लागत होते. ट्रस्टने अनेक जुन्या वस्त्या पाडल्या. तिथून उठवलेल्या सगळ्यांनाच नवी हवेशीर खोली मिळाली, असे मात्र झाले नाही.

१६/१६
आज घरात धुण्याचे यंत्र असते, सुगंधी द्रव्ये असतात, आणि तरी जुलैतली चादर कुबटच राहते. कारण कापसाचा स्वभाव बदललेला नाही. उपायही जुनेच आहेत : खळखळून गरम पाणी, दोन कपड्यांत मोकळी जागा, वाहता वारा, अंथरूण घडी करण्याआधी थोडा वेळ उघडे ठेवणे आणि ऊन पडताच ते बाहेर काढणे. पुढच्या वेळी आश्विनात एखाद्या गच्चीच्या कठड्यावर किंवा पुलाच्या कडेला गोधड्या वाळताना दिसल्या, तर तिथे सणाची तयारी चालली आहे एवढेच समजू नये. चार महिने दबून राहिलेल्या घराने आपल्या वाटचे ऊन मागितलेले आहे. ते ऊन प्रत्येक घराला मिळते का, हा प्रश्न मात्र १८९६ इतकाच आजही खरा आहे.