तुकडोजी महाराज

माणिक बंडोजी इंगळे ऊर्फ राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (जन्म : यावली, अमरावती जिल्हा, ३० एप्रिल १९०९, निधन : मोझरी, अमरावती जिल्हा, ११ ऑक्टोबर १९६८) हे विदर्भातील संतकवी, भजनगायक आणि समाजसुधारक होते. खंजिरीच्या साथीने मराठी व हिंदी भजने गाण्याची त्यांची शैली विशेष प्रसिद्ध आहे. ग्रामजीवनाच्या पुनर्रचनेचा विचार मांडणारा 'ग्रामगीता' हा त्यांचा सर्वांत परिचित ग्रंथ होय. त्यांच्या साधनेचा व कार्याचा चंद्रपूर जिल्ह्याशी, विशेषतः चिमूर परिसराशी, जवळचा संबंध आहे.

बालपण व साधना

माणिक यांचा जन्म एका गरीब कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे नाव मंजुळा. वडील बंडोजी शिवणकाम करीत. त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. वरखेड येथील आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. 'तुकड्या' हे नाव त्यांना गुरूंकडून मिळाले. पुढे भजनांच्या अखेरच्या ओळीत हेच नाव त्यांची मुद्रा म्हणून येऊ लागले. आडकोजी महाराजांनी १९२१ मध्ये समाधी घेतल्यानंतर किशोरवयीन माणिक घर सोडून भ्रमंतीस निघाले. चिमूर तालुक्यातील रामदेगी आणि गोंदोडा येथील अरण्यात त्यांनी काही काळ साधना केली. ताडोबालगतचा हा प्रदेश दाट जंगलाचा आहे. गोंदोडा हे स्थान आजही त्यांची तपोभूमी म्हणून ओळखले जाते.

खंजिरी भजन

खंजिरी हे एका बाजूस कातडे मढवलेले लहान चर्मवाद्य असून त्याच्या कडेला धातूच्या चकत्या बसवलेल्या असतात. वाद्य स्वस्त, हलके आणि प्रवासात सहज नेता येण्याजोगे असल्याने ते फिरत्या गायकाच्या सोयीचे होते. तुकडोजी महाराज एका हातात खंजिरी धरून दुसऱ्या हाताने ती वाजवीत आणि स्वतःच भजन गात. गायक आणि वादक एकच असल्यामुळे लय वाढवणे, थांबणे, मध्येच निरूपण करणे आणि पुन्हा ध्रुपद उचलणे हे सर्व त्यांच्या हाती राही. ध्रुपद साधे व लगेच पाठ होणारे असल्याने श्रोते ते सोबत म्हणू लागत.

त्यांच्या भजनांची संख्या हजारांच्या घरात आहे. आरंभीच्या रचनांत ईश्वरभक्ती व गुरुभक्ती प्रधान असून पुढे त्यांत सामाजिक विषयांना मोठे स्थान मिळाले. अस्पृश्यता, जातिभेद, व्यसने, पशुबळी, अंधश्रद्धा, गावाची अस्वच्छता आणि स्त्रियांची उपेक्षा यांवर त्यांनी भजनांतून टीका केली. मराठीसोबत हिंदीतही रचना केल्यामुळे त्यांचे गायन विदर्भाबाहेरील श्रोत्यांपर्यंत पोहोचले. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून त्यांनी सेवाग्राम आश्रमात सुमारे महिनाभर वास्तव्य केले.

१९४२ चे आंदोलन व कारावास

भारत छोडो आंदोलनाच्या काळात तुकडोजी महाराजांच्या भजनांत राष्ट्रीय आशय ठळकपणे येऊ लागला. चिमूर भागात त्यांचा मोठा अनुयायी वर्ग होता. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर येथे निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बालाजी रायपूरकर हा तरुण मृत्युमुखी पडला. संतप्त जमावाने केलेल्या प्रतिकारात काही शासकीय अधिकारी मारले गेले. त्यानंतर गावात लष्कर आणण्यात आले आणि ग्रामस्थांवर, विशेषतः स्त्रियांवर, अत्याचार झाले. या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी दीर्घ उपोषण केले.

२८ ऑगस्ट १९४२ रोजी तुकडोजी महाराजांना चंद्रपूर येथे अटक करण्यात आली. त्यांना नागपूर व नंतर रायपूर येथील तुरुंगात ठेवण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली. भजनाचा कार्यक्रम हा केवळ धार्मिक मेळावा न राहता लोकमत घडवण्याचे साधन झाला होता, याची दखल शासनानेही घेतल्याचे या अटकेवरून दिसते.

संस्थात्मक कार्य

१९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. सुटकेनंतर त्यांनी श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या कामास व्यापक रूप दिले. मंडळाच्या शाखांतून सामुदायिक प्रार्थना, भजन, ग्रामसफाई आणि व्यसनमुक्तीचे उपक्रम चालवले जात. एका गायकाभोवती जमणाऱ्या श्रोतृवर्गाला त्याच्या अनुपस्थितीतही काम करणारी संघटना मिळाली, हे या मंडळाचे महत्त्व होय. १९४३ मध्ये 'श्रीगुरुदेव' हे मासिक सुरू झाले.

१९५५ मध्ये जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस ते उपस्थित होते. तेथेही त्यांनी खंजिरीवर भजन गायिले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारत साधु समाजाचे ते पहिले अध्यक्ष होते. १९६२ च्या चीन युद्धात आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात त्यांनी सीमेवर जाऊन सैनिकांसमोर भजने सादर केली. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांचा 'राष्ट्रसंत' म्हणून गौरव केला.

ग्रामगीता

'ग्रामगीता' हा ओवीबद्ध मराठी ग्रंथ असून त्याचे ४१ अध्याय आहेत. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, महिलोन्नती यांसारख्या विषयांवर त्यात स्वतंत्र अध्याय आहेत. गाव हेच उपास्य मानून त्याची सेवा करावी, हा ग्रंथाचा मध्यवर्ती विचार होय. भजनांतून सुटेपणाने मांडलेले विचार येथे सलग आणि क्रमाने आले आहेत. भाषा बोलीला जवळची असल्याने ग्रंथाचे सामूहिक वाचन सुलभ होते.

निधन व वारसा

कर्करोगाच्या आजारात ११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी गुरुकुंज आश्रमाजवळ आहे. दरवर्षी पुण्यतिथीस तेथे मोठा जनसमुदाय जमतो. सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी त्यांना सामूहिक मौन श्रद्धांजली वाहिली जाते.

चंद्रपूर जिल्ह्यात त्यांच्या विचारांचे कार्य पुढे चालू राहिले. ब्रह्मपुरी तालुक्यातील अड्याळ टेकडी येथे त्यांचे अनुयायी गीताचार्य तुकारामदादा यांनी ग्रामगीतेवर आधारित कार्य उभारले. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन होईपर्यंत चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न होती. भारतीय डाक विभागाने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले आहे. विदर्भातील अनेक गावांत आजही भजनी मंडळे खंजिरीच्या साथीने त्यांच्या रचना गातात.