गज : पॅरिसचा, ब्राझीलचा आणि कार्बनचा



चेन्नईच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घराणं मूळचं तंजावरचं, घरात अजून तंजावरी मराठी बोलतात. मुलगी चौदा वर्षांची, सात वर्षं कर्नाटक पद्धतीचं व्हायोलिन शिकते आहे. गुरुजी म्हणाले, आता गज बदला. दुकानदाराने कार्बन फायबरचा गज पुढे केला आणि सांगितलं, 'चेन्नईच्या हवेला हाच. लाकडाचा जमाना गेला.' घरातले काका म्हणतात, लाकडाशिवाय नादात जीव येत नाही. पैसे जपून साठवलेले आहेत, पुन्हा पुन्हा खरेदी होणार नाही. ताई विचारतात, कोणाचं ऐकू?

आपली मालिका इतिहासाची. पण या दोघांचं भांडण इतिहासानेच लावलेलं आहे, त्यामुळे ते तिथूनच सोडवावं लागेल. मी स्वतः वादक नाही, नुसता ऐकणारा आहे. शेवटचा निकाल गुरुजींच्या कानांचा.

आधी शब्द. मराठीत व्हायोलिन आणि सारंगी ज्याने वाजवतात तो गज. ठासणीच्या बंदुकीत दारू ठासायची सळई, तीही गजच. तमिळमध्ये त्याला विल् म्हणतात, म्हणजे धनुष्य. आणि खरोखरच जुना गज धनुष्यासारखा बाहेर फुगलेला असे. आज आपण बघतो तो मध्यावर केसांकडे, म्हणजे आत वाकलेला असतो. हा उलटा बाक साधारण १७८० च्या दशकात पॅरिसमध्ये पक्का झाला. करणारा फ्रांस्वा झाव्हिए तूर्त. लिहितावाचता न येणारा कारागीर. आधी घड्याळाच्या धंद्यात उमेदवारी केली होती असं सांगतात. त्याने काठी विस्तवावर तापवून आत वाकवली, लांबी पाऊण मीटरच्या आसपास बसवली आणि केस चपट्या पट्टीसारखे पसरून धरले. वजन जेमतेम साठ ग्रॅम. तेव्हापासून जगातला जवळजवळ प्रत्येक गज त्याच मापाचा आहे. कार्बनचासुद्धा.

आता मद्रासला या. १७८६ साली बाळुस्वामी दीक्षितरांचा जन्म झाला. मुथुस्वामी दीक्षितरांचे हे धाकटे भाऊ. मद्रासजवळच्या मणलीचे मुदलियार हे कंपनी सरकारशी व्यवहार असलेलं धनिक घराणं, आणि दीक्षितर कुटुंब त्यांच्या आश्रयाला होतं. त्यामुळे फोर्ट सेंट जॉर्जमधले गोऱ्यांचे बँड या भावांच्या कानावर पडले. बाळुस्वामी एका युरोपियनाकडून व्हायोलिन शिकले आणि त्यावर आपलं संगीत वाजवू लागले. मुथुस्वामींनी त्या बँडच्या चालींवर संस्कृत रचना केल्या, त्यांना नोट्टुस्वर म्हणतात. इंग्लंडच्या राजगीताच्या चालीवरचं 'संततं पाहिमाम्' त्यातलंच. मी फौजी माणूस, त्यामुळे मला याची मोठी मौज वाटते. किल्ल्यात परेडसाठी वाजणारं संगीत भिंतीबाहेर येतं आणि देवीच्या स्तुतीला लागतं! कोणत्याही कमांडरने असा हुकूम काढलेला नव्हता.

तंजावरला तर आपलंच राज्य होतं. दुसरे शरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. श्वार्त्झ पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढलेला, सरस्वती महालात जगभरचे ग्रंथ जमवणारा हा भोसले. त्यांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. त्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. भरतनाट्यमच्या आजच्या मांडणीचा पाया त्यांनी घातला. पैकी वडिवेलू व्हायोलिनमध्ये पटाईत. पुढे ते त्रावणकोरला गेले आणि १८३४ मध्ये स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. आज ते घेऊन कोणी विमानतळावर गेलं तर कस्टमवाले आधी वाद्य ठेवून घेतील. (जुन्या गजांच्या टोकालाही हस्तिदंताची पट्टी असते, परदेशी कार्यक्रमाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

म्हणजे व्हायोलिन दक्षिणेत रुजत होतं आणि आधुनिक गज पॅरिसमध्ये घडत होता, ते साधारण एकाच पिढीत. पुढे हे वाद्य दक्षिणेतून आपल्याकडे आलं. परूर सुंदरम अय्यर मुंबईत विष्णु दिगंबर पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या वर्तुळात होते. त्यांचे चिरंजीव एम. एस. गोपालकृष्णन चेन्नईत राहून दोन्ही पद्धती सारख्याच अधिकाराने वाजवीत. आपल्याकडे गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार. तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

आज मुद्दा काठीचा. तूर्तने अनेक लाकडं पाहिली आणि एक निवडलं, पर्नांबुको. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या प्रांताच्या नावावरून हे नाव पडलं. जड, ताठ, आणि उष्णतेने दिलेला बाक वर्षानुवर्षं न सोडणारं लाकूड. पण ते युरोपात आलं गजासाठी नव्हे, रंगासाठी. त्याच्या गाभ्यातून लाल रंग निघतो. आणि इथे आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो. असा लाल रंग देणारं आशियातलं झाड म्हणजे आपलं पतंग. केरळात त्याच्या ढलप्या घालून उकळलेलं गुलाबी पाणी आजही जेवणाबरोबर देतात. हे लाकूड मध्ययुगात युरोपला जाई आणि तिथे त्याला 'ब्राझील' म्हणत. मार्को पोलोने कोल्लमच्या वर्णनात त्याचा उल्लेख केला आहे. पुढे १५०० च्या एप्रिलमध्ये कालिकतला निघालेला पोर्तुगीज काब्राल वाटेत दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला. तिथे तसंच लाल लाकूड अमाप मिळालं, आणि त्या लाकडावरून देशालाच ब्राझील नाव पडलं. तोच काब्राल सप्टेंबरमध्ये कालिकतला पोहोचला. आपल्याकडच्या लाकडाचं नाव एका परक्या देशाला चिकटलं आणि तिथलं लाकूड गज होऊन मद्रासला आलं.

रंगासाठी तीनशे वर्षं तोड झाली, मग शेतीसाठी आणि शहरांसाठी किनाऱ्याचं जंगल गेलं. गजवाल्यांना लागणारं लाकूड त्या मानाने थोडं. पण उरलेल्या झाडांना थोडंही पुष्कळ होतं. एका गजाला ओंडक्यातला सरळ, निर्दोष भागच चालतो, बाकीचा भुसा. २००७ मध्ये हे झाड वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, म्हणजे सायटीजखाली आलं. २०२२ मध्ये पनामाच्या बैठकीत ब्राझीलने सर्वांत कडक यादीची मागणी केली. ती मान्य झाली नाही, पण ब्राझीलमधून बाहेर पडणाऱ्या तयार गजांनाही परवाना लागू झाला. तेव्हा काकांना एक सांगावं. ज्या लाकडात ते जीव शोधतात ते लाकूड विद्यार्थ्याच्या पैशांत मिळतच नाही. दुकानात 'ब्राझीलवूड' म्हणून जे स्वस्त गज मिळतात ते बहुधा पर्नांबुको नसतात, दुसऱ्याच झाडांचे असतात. त्यातले काही बरे निघतात. बरेच वर्षा-दोन वर्षांत वाकडे होतात. ताईंपुढचा खरा सामना कार्बन विरुद्ध तूर्त असा नाही. कार्बन विरुद्ध हे ब्राझीलवूड, असा आहे.

लाकडाला पर्याय शोधणं काही नवं नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या व्हुईयोमने पोकळ पोलादी गज बनवले आणि खुद्द पागानिनीने त्यांची तारीफ केली. तरी ते टिकले नाहीत. पोलादाची नळी एकदा मुडपली की मुडपली. पुढे फायबरग्लास आला, स्वस्त आणि टणक, शाळेतल्या मुलांसाठी ठीक.

कार्बन तंतूंची गोष्ट १९५८ ची. अमेरिकेत युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकनने अतिशय ताठ तंतू मिळवले. नंतर जपान आणि इंग्लंडने ते कारखान्यात आणले. रोल्स-रॉइसने आपल्या नव्या विमान-इंजिनाची पाती कार्बनची केली. १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती फुटली, टायटॅनियमकडे वळावं लागलं आणि १९७१ च्या फेब्रुवारीत कंपनीचं दिवाळं निघालं. कारणं बरीच होती, हे त्यातलं एक. पदार्थाचा स्वभाव मात्र तिथे कळतो. लांबीच्या दिशेने ताण द्या, कार्बन पोलादाला भारी. आडवा ठोसा बसला तर तो वाकत नाही, फुटतो. मुलांच्या हातात गज देताना हे ठाऊक असावं.

भारतात हे तंत्र संरक्षणाच्या वाटेने आलं. अग्नी क्षेपणास्त्र, मग तेजस. तेजसच्या सांगाड्याच्या वजनात जवळपास ४५ टक्के असले संमिश्र पदार्थ आहेत. डॉ. कलाम, चेन्नईच्याच क्रोमपेटमधल्या एमआयटीचे विद्यार्थी, एक आठवण नेहमी सांगत. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये मुलं तीन-तीन किलोच्या लोखंडी कॅलिपर लावून पाय ओढत चालायची. क्षेपणास्त्रासाठी तयार केलेल्या हलक्या पदार्थातून त्यांनी तीनशे ग्रॅमच्या कॅलिपर करून दिल्या. १९९० च्या दशकात हाच विचार परदेशात गजाला लागला. फ्रेंच गजकार बेन्वा रोलाँ, ज्यांचं नाव लाकडी गजांसाठीच झालेलं होतं, त्यांनी कार्बनचा गज केला. अमेरिकेत कोडाबो आणि जर्मनीत आर्कुस अशा कंपन्या उभ्या राहिल्या. आज काही हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत सगळ्या किमतींत माल आहे, आणि हलक्या मालात नुसत्या फायबरग्लासवर कार्बनच्या विणीची साल चढवलेलीही असते. विणीच्या नक्षीवर जाऊ नका.

आता दुकानदाराचं वाक्य तपासू. चेन्नईच्या दमट हवेला कार्बन चांगला. अर्धं खरं. काठी फुगत नाही, वाकत नाही, हे अगदी खरं. पण तारेला काठी लागत नाही, केस लागतात, आणि ते घोड्याच्या शेपटीचेच आहेत, दीडशे-दोनशे. दमट हवेत ते लांबतात आणि ढिले पडतात, एसी सभागृहात आखडतात. घरून ताणून नेलेला गज डिसेंबरच्या सीझनमध्ये थंड हॉलमध्ये आणखी ताणला जातो. या बाबतीत कार्बनचा गज आणि लाकडाचा गज सख्खे भाऊ. केस झिजले की दोन्हींचे बदलावे लागतात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा, केस बदलून कोण देणार आणि किती दिवसांत?

दुसरी गोष्ट. परदेशी जाहिरातींत गज तारेवरून कसा उड्या मारतो याचं कौतुक असतं. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रात त्याची गरज आहे. आपली मुलगी मांडी घालून बसते, व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर टेकलेलं, तारा सा-प-सा-प लावलेल्या. गमक डाव्या हाताच्या घसरणीतून येतं, आणि त्या सबंध घसरणीभर गजाने तारेला सोडायचं नाही. तिला उडणारा गज नको, बसणारा हवा. फार हलका, फार ताठ कार्बन गज तारेवर थरथरतो. संथ आलापनेत ते लगेच ऐकू येतं.

म्हणून दुकानात जाताना गुरुजींना आणि मुलीचं स्वतःचं व्हायोलिन बरोबर न्या. केस ढिले करून काठी डोळ्याशी धरा, बंदुकीची नळी बघतो तशी. डावी-उजवीकडे वाक असेल तर खाली ठेवा. स्क्रू फिरवून बघा, अडखळता कामा नये. मग तिला एकाच तारेवर, अगदी सावकाश, टोकापासून टोकापर्यंत गज ओढू द्या. टोकाजवळ आवाज पातळ होऊन तुटतो का? मग सरळी वरिसै तीन काळांत, मग तिला येणारा एखादा वर्णम दोन काळांत. तीन-चार गज फिरवा आणि गुरुजींना पाठ करून दहा फुटांवर बसवा. कोणता लाकडाचा, कोणता कार्बनचा, किंमत काय, हे त्यांना सांगू नका. चेन्नईत माउंट रोडवर १८४२ पासूनचं वाद्यांचं दुकान आहे. जिथे जाल तिथे असं ऐकून घ्यायला कोणी नाही म्हणालं, तर दुसरीकडे जा.

माझं मत विचाराल तर विद्यार्थ्याच्या पैशांत चांगला कार्बन गज बहुतेक वेळा जिंकेल. एका मॉडेलचे दहा गज जवळजवळ सारखे निघतात, आणि गज बिघडवणाऱ्या वयात हे मोलाचं आहे. काठी आपटली तर मात्र तपासून घ्या. चीर बाहेरून दिसत नाही आणि फुटलेला कार्बन लाकडासारखा सांधता येत नाही. मुलगी अजून पाऊण मापाच्या व्हायोलिनवर असेल तर महाग गज आत्ता घेऊच नका, वर्षभरात तो आखूड पडेल.

आणि ताई, दुकानात जाण्याआधी एक काम. आत्ताच्या गजाचे केस शेवटचे कधी बदलले, ते मुलीला विचारा. वर्ष उलटलं असेल तर आधी ते बदला, चांगलं रोझिन आणा आणि पंधरा दिवस वाजवू द्या. मग गुरुजींना तोच प्रश्न पुन्हा विचारा. तरीही ते म्हणाले की बदला, तर बदला. जुना गज विकू नका. नव्या केसांसाठी नवा गज दुरुस्तीला जाईल, तेव्हा रियाजाला तोच लागेल.