वाचनालयाचा मालक कोण?

रसायनीला शंभर वर्षांचं वाचनालय असणं शक्यच नव्हतं. १९६० मध्ये हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, पुढे पाताळगंगेकाठी तिचा कारखाना उभा राहिला आणि आजूबाजूला बदलीने, भरतीने आलेली माणसं राहू लागली. त्यांतलेच माझे वडील. वसाहतीच्या क्लबात लोखंडी कपाटांत पुस्तकं होती. संध्याकाळची पाळी नसलेला कुणीतरी कामगार कुलूप काढायचा, वहीत नाव लिहायचा. नारायण धारपांची कादंबरी हाती लागायला नंबर लावावा लागे. दिवाळी अंक चार दिवसांत परत, कारण मागे अख्खी चाळ थांबलेली. माझ्या पिढीला वाचनाची गोडी शाळेपेक्षा त्या कपाटांनी लावली, असं मी ठामपणे म्हणेन.

जुन्या गावांची गोष्ट निराळी. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, कल्याणचं १८६४ चं. गावातल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी वर्गणी काढायची, कुणी जागा द्यायची, कुणी घरातली पुस्तकं, आणि पुढच्या पिढीने ते सांभाळायचं. आमच्या शेजारच्या कर्जत तालुक्यात माथेरानला नगरपालिकेचं वाचनालय आहे, करसनदास मुळजींच्या नावाचं. १८६२ च्या गाजलेल्या 'महाराज' खटल्यात धर्मगुरूंविरुद्ध उभे राहिलेले हे गुजराती पत्रकार. त्यांच्या नावाचं वाचनालय डोंगरमाथ्यावर असावं याचा मला फार अभिमान वाटतो. त्यापेक्षा महत्त्वाचं हे, की ते नगरपालिकेचं आहे. माणसं आली-गेली तरी मालक जागेवर राहतो.

महाराष्ट्राने ग्रंथालय कायदा केला तो १९६७ मध्ये. त्याआधी १९४५ सालीच कोल्हापूर संस्थानाने देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला होता. मद्रासचा १९४८ चा. तो ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या प्रयत्नांतून आला आणि त्यात घरपट्टीसोबत ग्रंथालय उपकर घेण्याची सोय होती. आपल्या कायद्यात उपकर नाही. इथे संस्था नोंदवायची, समिती नेमायची, मान्यता मिळवायची, अ, ब, क किंवा ड वर्ग घ्यायचा आणि शासनाच्या अनुदानाची वाट पाहायची. या वाटेने खेडोपाडी वाचनालयं पोचली, हे मोठंच काम झालं. पण सगळी मदार समितीतल्या माणसांवर राहिली.

रसायनीत नेमकी ती माणसंच टिकत नाहीत. २०१७ मध्ये केंद्राने हिंदुस्थान ऑर्गॅनिकच्या इथल्या कारखान्याचे तोट्यातले विभाग बंद करायचं ठरवलं. रॉकेटच्या इंधनासाठी लागणारं रसायन बनवणारा प्लांट तेवढा इस्रोकडे गेला. नोकरी संपली की क्वार्टर सुटतं. कुणी पनवेलला फ्लॅट घेतला, कुणी गावी परतलं. वही सांभाळणाराच गेल्यावर कपाट कोण उघडणार? वाचणारे कमी झाले, मोबाइलने वाचन मारलं, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. इथल्या मोहोपाड्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं मी रोज पाहते. एका खोलीत पाच जणांचं घर. त्यांना पुस्तकाआधी टेबल, दिवा आणि शांतता हवी आहे. डोंगराकडच्या कातकरी आणि ठाकरवाड्यांतल्या मुलांना तर बाजारापर्यंत यायला रिक्षाभाडं परवडत नाही. त्यांच्यासाठी पुस्तकांची पेटीच वाडीवर जायला हवी. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी शतकापूर्वी अशा फिरत्या पेट्या खेडोपाडी पाठवल्या होत्या.

पाताळगंगा एमआयडीसीतले कारखाने काही उठून गेलेले नाहीत. कर भरणारे आहेत, ग्रामपंचायती आहेत. म्हणून वासांबे-मोहोपाडा आणि चांभार्लीच्या ग्रामसभांत मी हेच मांडते आहे: वाचनालय पंचायतीच्या नावावर असू द्या, दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्याची स्वतंत्र रक्कम धरा, आणि पहिला खर्च ग्रंथपालाच्या पूर्ण पगाराचा करा. पुस्तकं त्यानंतर घेऊ.