कार्बनची कीर्द-खतावणी

ऑस्लो महापालिकेच्या वार्षिक अर्थसंकल्पात 2017 सालापासून एक जास्तीचं प्रकरण असतं. त्यातला मुख्य तक्ता दिसायला साधा आहे: काम कोणतं, ते कोणत्या खात्याकडे, आणि त्यामुळे कोणत्या वर्षी किती टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा थांबेल. शाळा, रस्ते, वृद्धांची देखभाल यांसाठी पैशाचे रकाने भरतात तसेच हे टनांचे रकाने भरले जातात. ते त्याच सभागृहात मंजूर होतात आणि पैशाच्या हिशोबाबरोबर त्यांचाही हिशोब द्यावा लागतो. याला तिथे हवामान अर्थसंकल्प म्हणतात. 2024 साली तो मुंबईतही आला. आज जगभरातल्या शेकडो शहरांनी अमुक सालापर्यंत उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचं वचन दिलं आहे. मुंबईने त्यासाठी 2050 हे साल जाहीर केलं आहे. अशा वचनाला आधार कशाचा असतो? हवामान अर्थसंकल्पाची कुळकथा पाहिली तर उत्तर सापडतं. शहराचं वचन पर्यावरण खात्याच्या टेबलावरून लेखा खात्याच्या टेबलावर गेलं, तेव्हाच त्याला वजन आलं.

या कुळाचा मूळपुरुष शोधायचा तर कॅनडातल्या टोरांटोला जावं लागतं. जून 1988 मध्ये तिथे बदलत्या वातावरणावर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन 2005 सालापर्यंत 1988 च्या तुलनेत 20 टक्क्यांनी घटवावं, असं आवाहन तिने जगाला केलं. राष्ट्रांनी ते मनावर घेतलं नाही, पण यजमान शहराने घेतलं. 1990 मध्ये टोरांटोच्या नगर परिषदेने तेच 20 टक्क्यांचं लक्ष्य स्वतःसाठी स्वीकारलं. पुढच्याच वर्षी तिने एक निधी उभारला. तुरुंगाची जुनी शेतजमीन विकून आलेले 2.3 कोटी डॉलर त्यात टाकले आणि त्याच्या उत्पन्नातून उत्सर्जन कमी करणारी कामं करायचं ठरवलं. वचनाला तिजोरी जोडण्याचा हा आरंभीचा दाखला. या काळातल्या आठवणींत परिषदेचं नाव जास्त घेतलं जातं. मला तो जमिनीचा व्यवहार अधिक मोलाचा वाटतो.

पैसा बाजूला काढला तरी मोजमापाचा प्रश्न उरतोच. 1990 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत दोनशेहून अधिक स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी जमले आणि त्यातून इक्ली ही संघटना जन्मली. तिने उत्तर अमेरिका आणि युरोपातली 14 शहरं घेऊन शहराचा कार्बन मोजण्याची रीत बसवली. त्या अनुभवातून पाच पायऱ्या ठरल्या: आजचं उत्सर्जन मोजा, लक्ष्य ठरवा, आराखडा करा, तो राबवा, पुन्हा मोजा. धुराड्यावर यंत्र लावून शहर मोजता येत नाही. म्हणून विजेची युनिटं, इंधनाचे लिटर, कचऱ्याचे टन असे आकडे गोळा करायचे आणि प्रत्येकाला ठरावीक गुणकाने गुणायचं. भारतात विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे महिन्याला 100 युनिटं वापरणाऱ्या घराच्या वीजबिलामागे साधारण 70 किलोची नोंद होते. ती नोंद कोणाच्या नावावर घालायची, वीज जाळणाऱ्या शहराच्या की कोळसा जाळणाऱ्या गावाच्या, हा पुढचा वाद. 2001 मध्ये कंपन्यांसाठी हिशोबाची एक पद्धत प्रसिद्ध झाली. स्वतःच्या हद्दीतलं उत्सर्जन, बाहेरून घेतलेल्या विजेचं उत्सर्जन आणि बाकीचं अप्रत्यक्ष उत्सर्जन असे तीन वर्ग तिने केले. 2014 मध्ये लिमा इथल्या हवामान परिषदेच्या वेळी शहरांसाठी तशीच जागतिक नियमावली आली. आता दोन शहरांच्या वह्या शेजारी ठेवून वाचता येऊ लागल्या.

वही तयार झाली, पण ती वर्षातून एकदा उघडायची सक्ती कुठून आली? इथे 'बजेट' या शब्दाचीच गोष्ट कामाला येते. हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या बूजेत या शब्दावरून इंग्रजीत आला. त्याचा अर्थ चामड्याची लहान थैली. 1733 मध्ये ब्रिटिश मंत्री रॉबर्ट वॉलपोल यांच्या करयोजनेवर टीका करणाऱ्या एका पुस्तिकेने मंत्र्याने आपली थैली उघडल्याची प्रतिमा वापरली आणि शब्द राज्याच्या जमाखर्चाला चिकटला. थैलीचा गुण हा की तिला तळ असतो. 2009 मध्ये 'नेचर' नियतकालिकात आलेल्या दोन शोधनिबंधांनी दाखवलं की पृथ्वी किती तापणार हे मुख्यतः आजवर साचलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडवर ठरतं. म्हणजे वातावरणाच्या थैलीलाही तळ आहे. त्याआधीच, 2008 च्या हवामान कायद्याने ब्रिटनने पाच-पाच वर्षांची कार्बनची कायदेशीर मर्यादा ठरवायला सुरुवात केली होती. शेवटच्या वर्षी शून्यावर पोचणं पुरेसं नाही, मधल्या प्रत्येक वर्षी थैलीतून किती गेलं तेही मोजावं लागतं, हे यामुळे स्पष्ट झालं. 2050 चं वचन 2049 मध्ये पाळता येत नाही.

ऑस्लोने वही आणि थैली हे दोन्ही धागे एकत्र विणले. 2015 च्या निवडणुकीनंतर तिथे डाव्या आणि हरित पक्षांची सत्ता आली आणि 2017 साठीच्या अर्थसंकल्पात कार्बनचा तक्ता बसवला गेला. आज त्या शहराचं लक्ष्य 2009 च्या तुलनेत 2030 पर्यंत 95 टक्के घट हे आहे. तक्त्याचा परिणाम कसा होतो ते बांधकामाच्या एका जागेवरून दिसतं. 2019 मध्ये ऑस्लोच्या मध्यवर्ती भागातल्या ओलाव रस्त्याचं काम निघालं, तेव्हा खोदाईची यंत्रं डिझेलऐवजी विजेवर चालवली गेली. महापालिका रस्ते खोदते, म्हणजे ती यंत्रांच्या कामाची मोठी गिऱ्हाईक आहे. निविदेत अट घातली की ठेकेदाराला तशी यंत्रं आणावी लागतात. बांधकाम खात्याच्या नावापुढे टनांचा आकडा लिहिलेला नसता, तर निविदेतली ती ओळ कोणी लिहिली असती असं वाटत नाही. जबाबदारी एका खात्याच्या नावावर पडली की ते खातं आपल्या हातातली साधनं शोधू लागतं.

यावर पहिला आक्षेप असा की हिशोब ठेवूनही लक्ष्यं हुकतातच. हे खरं आहे. ऑस्लोतलं उत्सर्जनाचं सर्वांत मोठं ठिकाण म्हणजे क्लेमेट्सरूडचा कचरा जाळून ऊर्जा बनवणारा प्रकल्प. तिथे कार्बन पकडून साठवण्याची योजना होती. खर्च वाढल्यामुळे 2023 मध्ये ती थांबली आणि 2025 च्या सुरुवातीला नव्याने मंजूर झाली. कोपनहेगनची गोष्ट याहून ठळक. जगातली पहिली कार्बन तटस्थ राजधानी 2025 मध्ये होण्याचा आराखडा त्या शहराने 2012 साली केला. वाहनांचं जे उत्सर्जन उरेल, ते पवनचक्क्यांची जादा वीज बाहेर देऊन वजा करायचं असा त्यातला हिशोब होता. 2022 मध्ये कचरा प्रकल्पात कार्बन पकडण्यासाठीचा निधी मिळाला नाही आणि लक्ष्य गाठता येणार नाही असं महापौरांनी जाहीर केलं. पण हे जाहीर करता आलं ते वही होती म्हणून. कोणता प्रकल्प अडला, किती टन राहिले, पैसा कोणी द्यायचा होता, हे सगळं लोकांसमोर आलं. वही नसती तर तेच अपयश 2025 मध्ये एखाद्या समारंभात झाकून गेलं असतं. हिशोबामुळे यशाची हमी मिळत नाही, पण अपयश वेळेवर कळतं आणि उरलेल्या वर्षांत काहीतरी करता येतं.

मुंबईत हे कूळ पोचलं ते जागतिक शहरांच्या सी-40 या संघटनेमार्फत. ऑस्लोच्या पुढाकाराने चाललेल्या तिच्या उपक्रमात लंडन, न्यूयॉर्क यांच्याबरोबर मुंबई होती. मार्च 2022 मध्ये मुंबई वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध झाला. त्यानुसार 2019 मध्ये शहराचं उत्सर्जन 2.34 कोटी टनांच्या घरात होतं. त्यातले सुमारे 72 टक्के इमारती आणि कारखान्यांच्या ऊर्जावापराचे, 20 टक्के वाहतुकीचे आणि 8 टक्के कचऱ्याचे. 2030 पर्यंत 30 टक्के, 2040 पर्यंत 44 टक्के घट आणि 2050 मध्ये निव्वळ शून्य असे टप्पे ठरले. जून 2024 मध्ये पहिला हवामान अर्थसंकल्प आला. 2024-25 च्या भांडवली खर्चापैकी 10,224 कोटी रुपये, म्हणजे सुमारे 32 टक्के, हवामानाशी निगडित कामांसाठी असल्याचं त्यात दाखवलं होतं. भारतातल्या कोणत्याही शहराने हे त्याआधी केलं नव्हतं, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

तरीही जाणकारांचा एक आक्षेप इथे गंभीरपणे घ्यायला हवा. ठरलेल्याच कामांना हिरवी पाटी लावली तर नवं काय झालं? पावसाळी पाण्याचा निचरा आणि सांडपाणी प्रक्रिया ही कामं मुंबईला हवीच आहेत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. तो दिवस पाहिलेल्या शहराला हे समजावून सांगायला नको. पण ही कामं बदललेल्या हवामानापासून बचावाची आहेत. त्यांवर खर्च झालेल्या रुपयांतून 2030 पर्यंतची 30 टक्के घट निघत नाही. बचावाचा आणि घटीचा खर्च एका बेरजेत आला की 32 टक्के हा आकडा मोठा दिसतो आणि मूळ प्रश्न मागे पडतो. यावर उपाय तक्ता फेकून देणं हा नाही. तो पुरा करणं हा आहे. रुपयांच्या शेजारी टनांचा रकाना हवा, बचावाची कामं वेगळ्या शीर्षाखाली हवीत, आणि मागच्या वर्षी जे ठरलं त्यातलं किती झालं हे पहिल्याच पानावर हवं. शिवाय मूळ अर्थसंकल्प फेब्रुवारीत आणि हवामानाचा जूनमध्ये, असा क्रम असला तर दुसरा पहिल्याला वळण लावू शकत नाही. प्रश्न विचारणारं सभागृहही लागतं. पहिला हवामान अर्थसंकल्प आला तेव्हा नगरसेवकांची मुदत संपून दोन वर्षं झाली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता.

दुसरा आक्षेप हाताच्या लांबीचा. मुंबईचं बहुतांश उत्सर्जन विजेचं. वीजकेंद्रं काही पालिका चालवत नाही, मग तिला जाब का विचारायचा? मान्य. म्हणूनच तक्त्यात जबाबदार कोण हा रकाना असतो. राज्याच्या आणि केंद्राच्या वाट्याचे टन त्यांच्या नावावर लिहिले, की पालिकेला वर बोट दाखवायचा अधिकार मिळतो आणि स्वतःच्या वाट्यापासून पळताही येत नाही. कचऱ्याचे 8 टक्के तर पूर्णपणे पालिकेच्या अखत्यारीत आहेत. कचराभूमीत ओला कचरा दबून कुजतो, त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेनचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 टनांइतका तापवतो. ओला कचरा वॉर्डातच वेगळा केला तर खतावणीत त्याची लगेच नोंद दिसेल. बांधकाम परवाने, पालिकेच्या शाळा आणि रुग्णालयांची छपरं, बस हेही पालिकेच्या हातात किंवा हाताजवळ आहे.

उरतो लहान संस्थांचा आक्षेप: ऑस्लो श्रीमंत आहे, मुंबई महापालिकेकडे तज्ज्ञ आहेत, आम्ही काय करायचं? याचं उत्तर केरळच्या वायनाड जिल्ह्यात आहे. मीनंगडी ग्रामपंचायतीने 5 जून 2016 ला कार्बन तटस्थ होण्याचं काम हाती घेतलं आणि आधी मोजणी केली. वर्षाचं उत्सर्जन सुमारे 33 हजार टन, झाडं आणि माती शोषून घेते ते सुमारे 22 हजार टन. म्हणजे 11 हजार टनांचा मेळ घालायचा होता. मग झाडांची बँक निघाली. शेतकऱ्याने लावलेल्या झाडाची नोंद करायची, त्यावर सहकारी बँकेतून दर झाडामागे वर्षाला 50 रुपये बिनव्याजी द्यायचे. झाड तोडलं तरच पैसे परत करायचे. कार्बनची वही इथे अक्षरशः बँकेच्या पासबुकात उतरली. महाराष्ट्रात 2020 पासून माझी वसुंधरा अभियान चालू आहे आणि गावं, नगरपालिका गुणांसाठी उत्साहाने स्पर्धा करतात. तो उत्साह मोलाचा आहे. मात्र गुण उपक्रमाचे मिळतात, आणि उपक्रमातून टन किती घटले ही पुढची ओळ लिहिणं बाकी आहे. मीनंगडीला जे जमलं ते आपल्या पंचायतींना न जमण्याचं कारण नाही.

इंग्रजीने थैली म्हटलं. मराठीने त्याच गोष्टीला 'अर्थसंकल्प' म्हटलं. धार्मिक विधीत संकल्प सोडताना नुसती इच्छा बोलून भागत नाही. संवत्सर, अयन, ऋतू, मास, तिथी सांगायची, गोदावरीचं कोणतं तीर ते सांगायचं, स्वतःचं नाव-गोत्र उच्चारायचं, कोणतं कर्म करणार ते सांगायचं आणि मग पळीने पाणी सोडायचं. कधी, कुठे, कोण आणि काय: ऑस्लोच्या तक्त्यातले रकाने हेच आहेत. '2050 पर्यंत शून्य' या वाक्यात यांपैकी फक्त साल आहे. बाकीचे रकाने दरवर्षी भरून घेणं हे नागरिकांचं आणि नगरसेवकांचं काम आहे. अर्थसंकल्प सभागृहासमोर येईल तेव्हा एवढंच विचारायचं: गेल्या वर्षी किती टन कमी करायचे ठरले होते, किती झाले, आणि उरलेले कोणाच्या नावावर आहेत?