समुद्रतळाशी माशांची घरे

भारतीय नौदलाची 'आयएनएस गुलदार' ही नौका ३० डिसेंबर १९८५ रोजी पोलंडमध्ये नौदलात दाखल झाली. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरविणे हे तिचे काम होते. सुमारे ८४ मीटर लांबीची ही नौका १२ जानेवारी २०२४ रोजी अंदमानात सेवामुक्त झाली. अशा नौकांचा शेवट बहुधा भंगाराच्या अड्ड्यावर होतो. गुलदारच्या वाट्याला मात्र वेगळी योजना आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या समुद्रातील निवती रॉकजवळ ती बुडवून तेथे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याचे ठरले. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने त्यासाठी ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केले आणि २०२५ मध्ये नौदलाने ही नौका महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन केली.

'कृत्रिम प्रवाळभित्ती' हा शब्द आता रूढ झाला असला तरी तो थोडा फसवा आहे. अशा ठिकाणी प्रवाळ कोणी नेऊन लावत नाही. समुद्राच्या तळावर टणक, खाचाखोचांची, सहजी न हलणारी एखादी वस्तू ठेवायची, इतकेच माणसाचे काम. पुढचे समुद्र करतो. प्रथम त्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांचा पातळ थर धरतो, मग शेवाळ येते. त्यानंतर कालवे, शिनाणे, स्पंज अशा एका जागी चिकटून राहणाऱ्या जीवांना बूड टेकायला जागा मिळते. त्यांच्यावर जगणारे खेकडे, कोळंबी, लहान मासे येतात आणि त्यांच्या मागोमाग हेकरू, तांबोशीसारखे खडकात राहणारे शिकारी मासे. शेवंडीला दडायला कपार लागते, तर माकुलाला अंड्यांचे घोस चिकटवायला आधार लागतो. वाळूच्या किंवा चिखलाच्या सपाट तळावर यांपैकी काहीच नसते.

कोळ्यांना हे शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. पाण्याखालच्या खडकाभोवती किंवा बुडालेल्या गलबताभोवती मासा सापडतो, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. जपानमध्ये मासे जमावेत म्हणून समुद्रात दगड टाकण्याची प्रथा काही शतकांपूर्वीची आहे. भारतात या विषयाचा शास्त्रीय पाठपुरावा कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केला. तिच्या मार्गदर्शनाखाली तामिळनाडूच्या किनाऱ्यावर काँक्रीटचे साचे समुद्रात सोडण्यात आले. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील ४२ मच्छीमार गावांसमोर असे ६,३०० साचे सोडण्याचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी केंद्र सरकारने प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून किनारी राज्यांसाठी ७३२ कृत्रिम भित्तींना १२६ कोटी रुपयांची मंजुरी दिल्याचे जाहीर केले.

महाराष्ट्रात मुंबईने पहिले पाऊल टाकले ते वरळी कोळीवाड्यासमोर. मार्च २०२४ मध्ये तेथे किनाऱ्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर २१० साचे समुद्रतळाशी ठेवण्यात आले. पुनर्वापरातील काँक्रीट आणि पोलाद यांपासून ते तयार केले होते. मुंबईचे पाणी गढूळ, तळाशी गाळ आणि त्यात शहराचे सांडपाणी. सूर्यप्रकाशावर वाढणाऱ्या प्रवाळांना असे पाणी मानवत नाही, पण कालवे आणि शिनाण्यांचे तसे नाही. ती गढूळ पाणी गाळूनच जगतात. खरा धोका गाळाचा असतो. जड साचा मऊ चिखलात हळूहळू रुतत जातो आणि पावसाळ्यातील लाटा त्याच्याभोवतीची वाळू उकरून नेतात. तळ पक्का आहे की नाही याची तपासणी न करता टाकलेले काँक्रीट काही हंगामांतच दिसेनासे होऊ शकते.

या बाबतीत सिंधुदुर्गचा समुद्र उजवा आहे. तेथे तळाशी नैसर्गिक खडक आहेत, हिवाळ्यात पाणी बरेच नितळ होते आणि मालवणजवळ खरीखुरी प्रवाळे आहेत. १९८७ मध्ये तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर पाण्याखाली आंग्रे बँक हे प्रवाळांचे विस्तीर्ण पठार आहे. मात्र जेथे नैसर्गिक खडक मुबलक आहेत, तेथे माणसाने केलेल्या खडकाची गरज किती, हा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो. गुलदारच्या प्रकल्पात पर्यटनाचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलेले बरे.

माशांच्या दृष्टीने कळीचा वाद आणखी जुना आहे. अशा ठिकाणी मासे दिसतात याबद्दल दुमत नाही. पण ते तेथे वाढतात, की आसपासच्या समुद्रातून केवळ गोळा होतात? अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स बोनसॅक यांनी १९८९ मध्ये हा प्रश्न नेमकेपणाने मांडला आणि आजही त्याचे सरसकट उत्तर नाही. राहायला जागा नाही म्हणून ज्या जातीची संख्या अडलेली आहे, तिला घर मिळाले तर ती वाढेल. ज्या जातीची संख्या अतिमासेमारीमुळे घटली आहे, तिच्यासाठी तेच घर सापळा ठरू शकते, कारण विखुरलेला मासा एका जागी आणून दिला की तो पकडणे सोपे होते. मासेमारीवर निर्बंध नसतील तर भित्ती उभारण्याचा लाभ काही हंगामांपुरताच उरतो.

कोकणात हा मुद्दा केवळ शास्त्रीय नाही. गळ टाकणारा किंवा रापण ओढणारा पारंपरिक मच्छीमार एका बाजूला आणि पर्ससीन तसेच एलईडी दिव्यांच्या साह्याने मासेमारी करणाऱ्या मोठ्या नौका दुसऱ्या बाजूला, असा संघर्ष मालवण-वेंगुर्ल्याच्या समुद्रात वर्षानुवर्षे चालला आहे. राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यातील दंड २०२१ मध्ये वाढविले, तरी तंटे मिटलेले नाहीत. काँक्रीटच्या भित्तीचा येथे एक अप्रत्यक्ष उपयोग होतो: तळ खरवडत जाणारे ट्रॉलचे जाळे तिच्यात अडकून फाटते, म्हणून ट्रॉलर त्या जागेपासून दूर राहतात. लहान होड्यांना तेवढा समुद्र मोकळा मिळतो. केरळ आणि तामिळनाडूत गावकऱ्यांनी या योजनांना पाठिंबा दिला, त्यामागे हेही एक कारण असावे.

काय बुडवावे, याचा धडा मात्र अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याने महागात घेतला. १९७२ पासून फोर्ट लॉडरडेलच्या समुद्रात सुमारे वीस लाख जुने टायर माशांच्या घरासाठी म्हणून टाकण्यात आले. त्यांना बांधणाऱ्या पट्ट्या खाऱ्या पाण्यात गंजून तुटल्या. सुटे टायर वादळांत जवळच्या खऱ्या प्रवाळांवर जाऊन आदळू लागले आणि पुढे ते बाहेर काढण्यासाठी लष्करी पाणबुडे कामाला लावावे लागले. याउलट त्याच राज्याच्या पेन्साकोलाजवळ १७ मे २००६ रोजी बुडविलेली 'ओरिस्कनी' ही विमानवाहू नौका जागेवर राहिली. मात्र तिला बुडविण्याआधी विषारी द्रव्ये काढण्यात बराच काळ आणि पैसा गेला, तरी ती पूर्णपणे निघाली नाहीतच. जुन्या जहाजात तेल, रंग, विजेच्या तारांची आवरणे, कधी अॅस्बेस्टॉस असे बरेच काही लपलेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या सहभागाने २००९ मध्ये निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हणूनच कृत्रिम भित्ती आणि समुद्रात कचरा फेकणे यांत स्पष्ट भेद केला आहे.

गुलदारही २०२५ मध्ये प्रथम विजयदुर्ग बंदरात नेण्यात आली ती याच साफसफाईसाठी. तितकीच महत्त्वाची असते ती जहाज तळाला टेकण्यापूर्वी त्या जागेची आणि आजूबाजूच्या खडकांची पाहणी: कोणते मासे, किती, केवढ्या आकाराचे. ही नोंद हाती असेल तरच काही वर्षांनंतर उतरणाऱ्या पाणबुड्यांना जहाजाच्या पोटात दिसणारा हेकरू तेथेच वाढला, की शेजारच्या खडकावरून स्थलांतरित झाला, हे सांगता येईल.