चेंडू चालतो, कप चालत नाही : बाळू पालवणकर, कप्तानी आणि आपण

यंदाच्या भीमजयंतीच्या तयारीत नाशिकरोडच्या एका वस्तीत पोस्टरवरून वाद झाला. पोरांनी 'आपले खेळाडू' असं पोस्टर केलं होतं. त्यात डोक्यावर टोपी आणि हातात लाल चेंडू असलेल्या बाळू पालवणकरांचा जुना फोटो होता. एका कार्यकर्त्याने तो पाहिला आणि म्हणाला, "हा फोटो काढा. हा माणूस ३७ साली बाबासाहेबांच्या विरोधात उभा होता." पोरं गप्प बसली आणि फोटो निघाला. ज्याने तो शोधून आणला होता, तो पोरगा स्वतः डावखुरा गोलंदाज आहे. त्याने आम्हाला विचारलं, "दादा, मग हे आपले की त्यांचे?"

आम्ही तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर आहे.

रोलर ओढणारा पोरगा

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलं आणि बालपण पुण्यात गेलं. वडील लष्कराशी जोडलेल्या नोकरीत होते. बाबासाहेबांचं घराणंही कोकणातलं आणि वडील सुभेदार. अस्पृश्यांसाठी गावकुसाबाहेरचं जग त्या काळात बहुधा लष्कराच्या वाटेनेच उघडत होतं. गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूवर बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम खेळायला शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडायचं, रोलर फिरवायचा, पगार महिन्याला तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला. तिथे खेळपट्टी राखायची आणि साहेब सरावाला आला की जाळ्यात त्याला चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा नामांकित गोरा फलंदाज तासन् तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. आपल्याला बाद केलं की ग्रेग आठ आणे देत असे, अशी कथा प्रसिद्ध आहे. पण बाळूंच्या हातात कुणी बॅट दिली नाही. फलंदाजी हा साहेबाचा मान आणि गोलंदाजी ही नोकराची मेहनत, अशी सरळ वाटणी होती.

या मेहनतीतून हिंदुस्थानातला त्या काळचा सर्वोत्तम डावखुरा फिरकीपटू घडला. आता पुण्यातल्या हिंदू क्लबापुढे पेच उभा राहिला. गोऱ्यांना हरवायचं तर बाळू पाहिजे, आणि बाळूला घ्यायचं तर अस्पृश्याला संघात घ्यावं लागणार. क्लबात वाद झाले आणि अखेर बाळूंना घेतलं. कारण धर्म सुधारला हे नव्हतं, सामना जिंकायचा होता.

मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षक हातात घेई. चहाची वेळ झाली की बाकीचे मंडपात चिनी मातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवणाचं ताटही वेगळं असे. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे, हा कुठला धर्म? ज्यात आपला फायदा आहे तिथे शिवाशीव विसरायची आणि ज्यात समोरच्याचा मान आहे तिथे ती आठवायची, हे जातीचं व्याकरण आहे. अमुक कंपनीत आम्ही जात मानत नाही, असं आज कुणी सांगतो तेव्हा आम्ही विचारतो, कामाला मानत नाही की डब्याला?

विकेट त्यांची, कप्तानी दुसऱ्याची

१८९६ च्या प्लेगनंतर बाळू मुंबईला आले. बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याच्या संघात जागा मिळाली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या संघात बाळू आणि शिवराम दोघे होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर झाला.

१९११ मध्ये हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. कर्णधार होते पतियाळाचे एकोणीस वर्षांचे महाराजा भूपिंदर सिंग. संघ बहुतेक सामने हरला. पण पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात सगळे सामने धरून ११४ बळी घेतले. लेस्टरशायरला हरवलं त्या सामन्यात त्यांचे ११ बळी होते. सॉमरसेटला एका गड्याने हरवलं तेव्हा शिवरामने नाबाद शतक ठोकलं. एकूण ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५ च्या आसपास. क्रिकेट समजणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचं मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमरावाने लिहिलं होतं, असं अभ्यासक नोंदवतात. पोस्टरवरचा फोटो काढणाऱ्या मित्राने हे आधी लक्षात घ्यावं. बाळू हे आपल्या समाजाचे पहिले देशभर गाजलेले नायक होते आणि बाबासाहेबांनाही त्यांचा अभिमान होता.

मग प्रश्न आला कर्णधारपदाचा. अनुभव, वय आणि कामगिरी, कुठल्याही कसोटीवर बाळूंचा हक्क होता. १९१३ मध्ये कर्णधार झाले एम. डी. पै. हा मान आपल्या ज्येष्ठ मित्राला, बाळूला मिळायला हवा होता, असं पै स्वतः म्हणाले. त्यांचा प्रामाणिकपणा आम्ही मान्य करतो. पण प्रश्न एका सवर्णाच्या मनाच्या मोठेपणाचा नव्हता. प्रश्न निवड समितीत कोण बसतं हा होता.

अमेरिकेतला लाईनमन

इथे थोडं दूरचं उदाहरण देतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये 'लाईनमन' नावाचा गडी असतो. रेषेवर वाकून उभं राहायचं, समोरच्याला धडक द्यायची आणि त्याची धडक अंगावर घ्यायची, हे त्याचं काम. चेंडू फेकून नाव कमावतो तो क्वार्टरबॅक. डाव आखणारं डोकं त्याचं, कॅमेरा त्याच्यावर. लाईनमनच्या वाट्याला चेंडू क्वचितच येतो.

तिथल्या मुख्य व्यावसायिक लीगने १९३४ ते १९४५ या काळात एकही काळा खेळाडू घेतला नाही. १९४६ मध्ये ती भिंत पडली. त्याच वर्षी दुसऱ्या एका लीगमध्ये क्लीव्हलँड ब्राऊन्सने बिल विलिस या काळ्या लाईनमनला घेतलं. त्याच हंगामात मायामीला सामना होता आणि फ्लोरिडात गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळायला बंदी होती. विलिस आणि त्याचा काळा सहकारी मॅरियन मॉटली यांना मागे ठेवून संघ गेला. बाळूंचा कप मंडपाबाहेर होता आणि विलिस राज्याच्या सीमेबाहेर.

१९७० मध्ये लॉय आणि मॅकएल्व्होग या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकन खेळांतल्या जागांची वाटणी तपासली. ज्या जागा मध्यवर्ती, जिथे निर्णय घ्यायचे, तिथे गोरे. कडेच्या जागांवर काळे. याला पुढे 'स्टॅकिंग' हे नाव रूढ झालं. एम.ए.ला हा भाग शिकताना आम्हाला अमेरिकेआधी बाळूच आठवले होते. काळा क्वार्टरबॅक सुपर बोल जिंकून देताना दिसायला १९८८ उजाडलं, त्याचं नाव डग विल्यम्स. आणि १९८९ मध्ये आर्ट शेल या जुन्या लाईनमनकडे लॉस एंजेलिस रेडर्सचं मुख्य प्रशिक्षकपद आलं. आधुनिक काळातला तो त्या लीगचा पहिला काळा मुख्य प्रशिक्षक. विलिसपासून शेलपर्यंत त्रेचाळीस वर्षं गेली. प्रवेश मिळाला म्हणजे सत्ता मिळाली असं नसतं. या दोन दारांच्या चाव्या वेगळ्या असतात.

१९२० चा बहिष्कार

आपल्याकडे दुसऱ्या दाराची चावी कशी फिरली ते पाहा, कारण हा भाग नेहमी गाळला जातो. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत बाळूंना संघातून वगळलं. पै पहिल्या सामन्याला उपलब्ध नव्हते. त्यांच्या जागी बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल यांचा हक्क असताना कप्तानी पुण्याच्या देवधरांकडे गेली. विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला आणि जातीमुळे अन्याय झाल्याचं जाहीरपणे सांगितलं. लोकमत त्यांच्या बाजूने उभं राहिलं. अंतिम सामन्यासाठी दोघे परतले, बाळूंना बोलावून उपकर्णधार केलं गेलं आणि पै मैदानाबाहेर गेले तेव्हा संघाचं नेतृत्व बाळूंनी केलं. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला.

'क्रिकेटने जात मिटवली' असं म्हणणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं आहे, की क्रिकेटने काही मिटवलं नाही. पंचवीस वर्षं गुणवत्ता दाखवून जे मिळालं नाही, ते दोन भावांच्या एका नकाराने हलायला लागलं. हा नकार म्हणजे स्वाभिमानाची चळवळच. विठ्ठलरावांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवलं आहे. आपल्या किती वाचनालयांत ते आहे?

आणि मग १९३२, १९३७

आता मित्राच्या आक्षेपाकडे येऊ. तो खोटा नाही आणि आम्ही तो झाकणार नाही.

२ मार्च १९३० ला आपल्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुषांनी लाठ्या-दगड खाल्ले. वर्षानुवर्षं दार उघडलं नाही. १९३२ मध्ये जातीय निवाड्याने स्वतंत्र मतदारसंघ दिले आणि गांधीजींनी येरवड्यात उपोषण मांडलं. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा केली, तिलाही बाळूंनी विरोध केला. १९३७ मध्ये मुंबईत काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांसमोर उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली आणि बाळूंना ११,२२५.

बाळू चुकले. हे आम्ही स्पष्ट म्हणतो. पण का चुकले, हे समजून घेतलं नाही तर उद्या आपणही तिथेच चुकू.

बाळूंना जे मिळालं ते एकेकट्याच्या असामान्य गुणावर मिळालं. आधी मंडपाबाहेरचा चहा, मग सत्कार, मग उपकर्णधारपद. हळूहळू दार उघडतंय, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यात पाहिलं, म्हणून त्यांना वाटलं की हिंदू समाज बदलेल. बाबासाहेब कोलंबियाची विद्या घेऊन आले तेव्हा १९१७ मध्ये बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एकट्याच्या गुणवत्तेने व्यवस्था बदलत नाही, हे त्यांनी ओळखलं. काळारामाच्या बंद दाराने त्यावर शिक्का मारला.

यातली विसंगती बघा. संयुक्त मतदारसंघ म्हणजे काय? जागा आपली, पण त्या जागेवर आपल्यातला कोण बसणार हे ठरवण्यात बहुमत त्यांचं. ही हिंदू जिमखान्याची निवड समितीच झाली. ज्या समितीने बाळूंना कधी कर्णधार नेमलं नाही, तिचीच पद्धत राजकारणात आणणाऱ्या करारावर त्यांनी सही केली. बाबासाहेब मागत होते ते स्वतःचा कर्णधार स्वतः निवडण्याचा हक्क. बाळूंच्या आयुष्याचं खरं उत्तर बाबासाहेबांच्या मागणीत होतं. ते बाळूंना दिसलं नाही.

दुसरी गोष्ट जातीची. महार नेत्यासमोर नामांकित चर्मकार उभा करायचा, ही प्रस्थापितांची खेळी होती. उपवर्गीकरणाच्या आजच्या वादातही आपल्याला एकमेकांसमोर उभं करणारे हात कुणाचे आहेत, ते तपासा. याला उतारा आपल्याच जिल्ह्यात आहे. कळवण तालुक्यातल्या कनाशीचे पा. ना. राजभोज चर्मकार समाजातले. पुणे करारावर त्यांचीही सही आहे. पण पुढे तेच बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट फेडरेशनचे सरचिटणीस झाले आणि १९५२ मध्ये फेडरेशनतर्फे सोलापुरातून लोकसभेत गेले. त्या दिवशी सह्या करणाऱ्या प्रत्येकाला 'गद्दार' म्हणून कायमचं दार लावलं असतं, तर फेडरेशनला राजभोज मिळाले नसते.

पोस्टरवर काय लिहायचं

गोल्फ क्लब मैदानावर सकाळी जाऊन उभे राहा. वस्तीतली पोरं जीव तोडून चेंडू टाकताना दिसतील. त्यातल्या एकाला, पोस्टरवाल्या त्याच पोराला, एका क्लबात तीन वर्षं फक्त जाळ्यात गोलंदाजीला बोलावलं गेलं. किटबॅग उचलायला तो पहिला आणि अकरा जणांच्या यादीत कधीच नाही. त्याला आम्ही 'मेहनत कर, एक दिवस संधी मिळेल' असं सांगणार नाही. मेहनत बाळूंनीही केली होती. त्याला आम्ही सांगू की यादी कोण करतं ते विचार, लेखी विचार आणि एकटा जाऊ नकोस. मंडळांनी बॅट वाटाव्यात, पण सोबत पोरांना पंच, प्रशिक्षक आणि स्कोअरर होण्याच्या परीक्षांना बसवावं. संघटनांच्या कार्यकारिणीत जागा मागाव्यात.

बाळू ४ जुलै १९५५ ला मुंबईत गेले. बाबासाहेब त्यानंतर दीड वर्षाच्या आत गेले, पण त्याआधी ते आपल्याला धम्माच्या वाटेवर आणून गेले. त्या वाटेवर चालणाऱ्यांनी माणसाची मेहनत आणि माणसाची चूक दोन्ही नीट पाहायला शिकलं पाहिजे. कुणाला देव करायचं नाही आणि कुणाला पुसायचंही नाही.

तर त्या पोराला आमचं उत्तर असं : बाळू आपले आहेत. त्यांचे बळी आपले, त्यांचा मातीच्या भांड्यातला चहा आपला आणि त्यांची चूकही आपलीच. फोटो परत लाव. खाली दोन ओळी लिही : 'यांना संघात घेतलं, पण कर्णधार नेमलं नाही. यांनी पुणे करारावर सही केली, आणि का केली हे आम्ही विसरणार नाही.'

आणि शेजारी विठ्ठलचाही फोटो लाव. नाही म्हणायला शिकल्याची तारीख लिही : १९२०.

जय भीम!